घोडीला दिलेलं आवतण

होळी होऊन आठवडा झाला असेल. बाभुळगावला अंगणवाडी सेविकांची मीटिंग होती आणि मीटिंगमध्ये नेहमीप्रमाणे सगळं खापर आमच्याच डोक्यावर फुटलं होतं, त्यामुळे मी तणतणतच बाहेर पडले. ऑटो भरेपर्यंत सावलीला म्हणून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकाशी उभी राहिले. आत वजनकाट्यापाशी एक पांढरी घोडी सिमेंटचं रिकामं कागदी पोतं चावत होती.

कमरेची हाडं इतकी वर आलेली, की त्यांना पिशवी अडकवून ठेवावी. पुढचे दोन पाय नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेले, दोरी मांसात गेलेली. पाठीवर खोगीर घासून झालेली जखम, तिच्यावर माश्या. शेपटीचा खालचा अर्धा भाग मेंदीने केशरी रंगवलेला होता आणि आयाळीत एक बिल्लोरी आरसा अजून अडकून होता. म्हणजे वरातीची घोडी. गेल्या पंचवीस वर्षांत मी गावच्या लेकरांची वजनं करत आले आहे. भुकेलं लेकरू रडतं, पण फार दिवस भुकेलं असलेलं लेकरू रडत नाही, नुसतं बघतं. ही घोडी तशी बघत होती.

फाटकासमोरच्या चहावाल्याने सांगितलं की दारव्ह्याकडचा एक बँडवाला तिला इथे सोडून गेला आहे. चहावाल्याकडे त्याचा नंबर होता. मी तिथूनच फोन लावला आणि मीटिंगचा सगळा राग त्या माणसावर काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"न्या ना बाई तुमी," तो म्हणाला. "सीझन गेला तिचा. एक नवरदेव पाडला तिनं. मले नाही पायजे."

ऑटोने वीस मिनिटांचा रस्ता. आम्ही दोघी दुपारी निघालो आणि दिवेलागणीला पोचलो. दोरी मी चहावाल्याच्या चाकूने कापली होती, तरी ती पाय बांधल्यासारखेच टाकत होती. वाटेत प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून विचारायचा, "कोनाचं लगन हाय वो बाई?" शेवटी एकाला म्हटलं, "तुमचंच. बसता का?" तो हसत हसत गेला, आणि मला रस्त्यातच रडू आलं. रडण्यासारखं त्यात काय होतं, कोण जाणे.

घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन यवतमाळला असते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. उभा जन्म त्यांनी बैलांच्या मागे काढला. गुडघे गेले तेव्हा वावर ठेक्याने दिलं, ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला, आणि शेवटची जोडी विकावी लागली. त्याला दोन वर्षं झाली होती. पण गोठा ते रोज सकाळी झाडायचे. रिकामा गोठा. शेण नाही, कुटार नाही, काही नाही, तरी झाडायचे. दोन्ही वर्षी पोळ्याच्या दिवशी मागच्या खोलीत दार लोटून बसले आणि पुरणपोळीला हात लावला नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "ज्याचा सन हाय तोच घरात नाही, मंग आपन कायले खाव?" त्यानंतर त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. दिवसाला चार वाक्यं. तीही जेवणापुरती.

घोडी बघून मात्र त्यांना वाचा फुटली.

"बैलाच्या खुट्याले घोडी बांधते? लोकं काय म्हनतीन?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या."

"वरातीतलं जनावर हे. मातीतलं नाही. नाचते अन् खाते, दुसरं काम नाही त्याले."

"खाल्लेलं तर दिसत नाही," मी म्हटलं आणि तिला डावीकडच्या खुट्याला बांधलं.

दुसऱ्या दिवशी बाभुळगावहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी दात पाहिले, जखमा धुतल्या, इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही भुकेने मरणार नाही आता. खायला घालून माराल तर माराल हिला." मग नीट समजावून सांगितलं. उपाशी पोटाला एकदम जड काही द्यायचं नाही. नुसती वैरण, थोडी थोडी, दिवसातून सात-आठ वेळा. पेंड-ढेप नको, सरकी नको, डाळ नको, गहू नको, गूळ तर नकोच. "माणसाला जास्त झालं तर उलटी होते. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलं ते आतच राहतं." हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे हाडकुळं लेकरू आलं की पहिलं काम हेच, आजीच्या हातातला लाडू काढून घ्यायचा.

पण आमचा भाग कापसाचा. इथे जनावरावर जीव लावायचा म्हणजे ढेप चारायची, सरकी भिजवून द्यायची. दुसरी रीत कोणाला माहीत नाही. दोन दिवसांत समोरच्या घरची काकू घमेलं घेऊन आली. भिजवलेली सरकी आणि वर गुळाचा खडा. "हाडं पाह्य वो तिचे. दे थोडंसं, पाप लागन नाही त." मी घमेलं तसंच परत दिलं, आणि परत देताना नको ते बोललेही. काकू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग कोणी शिळी भाकरी आणली, कोणी मुठीत हरभरे आणले. सगळ्यांना मी दारातूनच हाकललं. गावात त्याला 'बाईचा कायदा' म्हणायला लागले. पाहुण्याला चहा विचारला की पाहुणा म्हणायचा, "बाईच्या कायद्यात बसते का पाह्य."

मोठी अडचण माझ्या नोकरीची होती. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत मी अंगणवाडीत. मधल्या वैरणी कोणी द्यायच्या? मामाजींना विचारलं. ते खाटेवरून भिंतीकडे बघत राहिले. मी तरी पेंढ्या बांधून ठेवून गेले. लसूणघास आणि ज्वारीचा कडबा, मोजून. दुपारी आले तर पेंढ्या जागेवर नव्हत्या आणि घोडीपुढे काड्या पडलेल्या.

मामाजी घड्याळ बघत नाहीत. आमच्या फाट्यावरून यवतमाळच्या एसटी जातात, त्या आवाजावर त्यांनी वेळ बसवली. साडेनऊची गेली की एक पेंढी, अकराची गेली की एक, साडेबाराची गेली की एक. एखादी बस उशिरा आली तर घोडीलाही उशिरा. संध्याकाळी मला हिशेब द्यायचे, "आज साडेबाराची आलीच नाही. पंचर झाली असन. मंग म्या एकच्या सुमारास देल्लं. चालते नं?" दोन वर्षांत ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

वाढ मोजायला मी शिलाईची टेप घेतली. दर रविवारी तिच्या छातीभोवती टेप गुंडाळायची आणि आकडा कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहायचा. पहिले तीन रविवार आकडा हललाच नाही. चौथ्या रविवारी कमी झाला. मी टेप फेकून दिली आणि घरात जाऊन पडून राहिले. थोड्या वेळाने मामाजी दारात आले. म्हणाले, "तू हाडावरून मोजून राह्यली बाई. पाठीवर हात फिरवून पाह्य. भरून राह्यली." मी हात फिरवला. खरंच, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर मांस आलं होतं.

वैशाखात फाट्यापलीकडच्या वस्तीवर एक वरात आली. बँड वाजायला लागला तशी घोडीने मान ताठ केली आणि तालावर पाय उचलायला लागली. एक पाय, मग दुसरा, पुन्हा पहिला. पायांच्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी पुढचे गुडघे मोडले आणि ती खाली बसली, आणि बसल्या बसल्याही पाय उचलायचा प्रयत्न करत होती. मामाजी काठी टेकत रस्त्यापर्यंत गेले आणि वाजंत्र्यांवर असे बरसले, की मी त्यांच्या तोंडून तशा शिव्या कधी ऐकल्या नव्हत्या. "आजारी मानूस हाय घरात! बंद करा थे!" बँड थांबला. वरात तेवढा तुकडा मुकाट चालून गेली. परत येऊन ते घोडीजवळ खाली बसले आणि तिच्या आयाळीतला आरसा, जो मी गुंता नको म्हणून तसाच ठेवला होता, तो त्यांनी केस एक एक सोडवत काढला.

त्यानंतर ती त्यांची झाली. पाऊस लागल्यावर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत आलं, तेव्हा रोज सकाळी दोघं वावराच्या धुऱ्यापर्यंत जायचे. त्यांचे गुडघे धरलेले, तिचे पाय अधू. चालीत दोघांचं बरं जमायचं. दावं हातात असून नसल्यासारखं. ते थांबले की ती थांबायची, ती चरायला लागली की ते बांधावर टेकायचे आणि तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते मी जवळ गेले की बंद व्हायचं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. नवरा गेल्यापासून बारा वर्षं आम्ही दोघंच एका घरात राहून माझ्याशी न बोललेलं ते सगळं घोडीला सांगत होते. पण घरात पुन्हा माणूस राहतं आहे असं वाटायचं, आणि ते मला हवं होतं. ती मेली तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील, ही भीती मला तेव्हापासूनच होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मी अंगणवाडीतून आले तर मामाजी वाटीत हळद-लोणी घेऊन गोठ्यात उभे. घोडीच्या खांद्यावर कधी जू नव्हतं. त्यांनी जरा विचार केला आणि तिच्या पाठीवर, खोगिराच्या जखमेचा जिथे व्रण राहिला होता, तिथे ते लोणी चोळलं. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घे, उद्याले जेवाले ये."

मी दाराआड उभी होते. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसले.

पोळ्याच्या दिवशी तिला आंघोळ घातली, कपाळाला गोंडा बांधला, गळ्यात विकलेल्या जोडीतल्या एकाची घंटा घातली. ती घंटा त्यांनी दोन वर्षं गादीखाली ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. पोळ्याच्या तोरणाखाली ते तिला घेऊन गेले तेव्हा थोडी कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, पोळा बैलाचा, घोडीचं इथं काय काम. त्याच्या शेजारी फुगे आणि झेंडूच्या माळा लावलेले चार ट्रॅक्टर उभे होते. दुसरा म्हणाला, "ट्रॅक्टर चालते, मंग घोडी काहून नाही चालत?" सगळे हसले. मामाजी हसले. त्यांचे खालचे दोन दात पडल्याचं मला तेव्हा दिसलं.

तोरण तुटून पोळा फुटला की जनावरं घरोघर नेतात. बाया पाय धुतात, कुंकू लावतात, पुरणपोळी चारतात. पहिल्यांदा मामाजी आपल्याच दारात आले. मी तिचे पाय धुतले. नैवेद्याचं ताट माझ्या हातातून त्यांनी घेतलं, आणि थांबले. सहा महिने होत आले होते, त्या माणसाने माझ्या परवानगीशिवाय तिला एक काडी जास्त दिली नव्हती.

"देऊ का वो बाई? तू सांग."

मला सगळं ठाऊक होतं. डाळ, गहू, गूळ. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. पण ताट हातात घेऊन, फेटा बांधून ते माझ्याकडे बघत होते, आणि दोन वर्षांनी आमच्या घरी सण आला होता. एका पोळीने काय होतं, असंही मी मनात म्हटलं. आणि वरून तुपाची धार मीच सोडली.

"द्या," मी म्हटलं. "सण आहे."

एका पोळीने कदाचित काही झालंही नसतं. पण बाईचा कायदा उठला, ही बातमी त्यांच्या पुढे पळत गेली. समोरच्या काकूने ताटच पुढे केलं. जिची जिची भाकरी मी परत पाठवली होती तिने तिने त्या दिवशी हात धुऊन घेतले. कोणाच्या घरी दोन, कोणाच्या तीन. दारात आलेल्या जनावराला नाही कोण म्हणणार, आणि घेणाऱ्याने दुसऱ्याचा नैवेद्य नाकारायचा कसा? मी दारच्या ओट्यावरून बघत होते. दोन वेळा उठले, की जाऊन थांबवावं. दोन्ही वेळा मामाजींचा चेहरा बघून बसले. घोडी गल्लीच्या टोकापर्यंत खात खात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गवताला तोंड लावलं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. पोट ढोलासारखं. अंगाला घाम. मग आडवी पडून लोळायला लागली. मी डॉक्टरांना फोनवर फोन लावले. सणाचे दिवस, ते कुठल्या लांबच्या गावी अडकलेले. येईपर्यंत बारा वाजले. तोवर मामाजी तिला उठवून अंगणात फिरवत होते. चार पावलं, बसली, उठवा, चार पावलं.

त्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागायला येत होती. बोजारा म्हणजे खाऊ नाही तर चार पैसे. मी एका हाताने त्यांना गोळ्या देत होते आणि मागे घोडी कण्हत होती.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "काल काय खाल्लं हिने?"

मामाजींनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी म्हटलं, "गवत. ओलं गवत जास्त झालं असेल."

डॉक्टरांनी तिच्या नाकातून नळी पोटात घातली. बादलीत जे आलं ते पिवळं होतं आणि त्याला गूळ-वेलदोड्याचा वास होता. तो वेलदोडा मी कुटला होता. डॉक्टरांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इंजेक्शन भरायला घेतलं. मामाजी बादलीशेजारीच दावं धरून उभे होते. दोन इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. चारच्या सुमारास ती पडली ती उठली नाही. पडल्या पडल्या तिचे पाय हलत राहिले. रस्त्यावर पोरांचं ढोलकं वाजत होतं म्हणून, की दुखत होतं म्हणून, ते मला कळलं नाही. मी मोठ्याने रडले. मामाजी रडले नाहीत. ती थंड होईपर्यंत त्यांनी दावं सोडलं नाही.

ठेकेदाराने जेसीबी आणून धुऱ्यावर खड्डा केला. गाव हळहळलं. काकू येऊन बसली आणि म्हणाली, "जाताना पोट भरून गेली, पुन्य लागलं तुमाले." मी उठून तिच्यासाठी चहा टाकला. तिला तरी काय सांगणार होते?

मामाजी पुन्हा चार वाक्यांवर आले. गोठा झाडणं त्यांनी बंद केलं. भिंतीवरचे माझे कोळशाचे आकडे तसेच आहेत. बस गेली की अजूनही ते खाटेवरून उठतात आणि मग पुन्हा बसतात.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी भाकरी करत होते. ते ताटावर बसले होते. मध्येच म्हणाले, "डाक्तरच्या बादलीत म्या पाह्यलं होतं, बाई. थे गवत नोतं."

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"तुयी काही चूक नाही त्याच्यात," ते ताटाकडे बघून म्हणाले. "आवतन मीच देल्लं होतं."

भरल्या दारात, ताट हातात धरून त्यांनी मला विचारलं होतं आणि 'द्या' मी म्हटलं होतं. कोणत्या दिवशी कोणती बस किती उशिरा आली हे ज्यांना आठवतं, त्यांना तेवढं आठवत नसेल असं मुळीच नाही. मी बोलायला हवं होतं. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली आणि त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती खाल्ली.